दुधाचे रुपये आणि दुधाचे लिटर

२६ जून २०२४ला कर्नाटकात तिथल्या सहकारी दूध महासंघाच्या 'नंदिनी' दुधाची पिशवी मोठी झाली. अर्ध्या लिटरच्या निळ्या पिशवीत ५० मिलीलिटर दूध जास्त घालून तिची किंमत २२ रुपयांवरून २४ करण्यात आली. लिटरच्या पिशवीतही तेवढेच दूध वाढले आणि ती ४२ची ४४ झाली. ही दरवाढ नसून जास्तीच्या दुधाचे पैसे आहेत, असे सरकारने सांगितले आणि हिशेबाने ते बरोबरही होते. मग १ एप्रिल २०२५ला लिटरमागे चार रुपये वाढले आणि पिशवी जुन्या मापावर आली. लिटरची पिशवी ४६ रुपयांची झाली. अर्ध्या लिटरची मात्र २४ रुपयांनाच राहिली. फक्त आतले दूध ५५० मिलीलिटरचे ५०० झाले.

बंगळुरूत ज्या घरात रोज एकच छोटी पिशवी येते, त्या घराचा तीस दिवसांचा खर्च दरवाढीआधी ७२० रुपये होता आणि दरवाढीनंतरही ७२०च राहिला. दूध मात्र महिन्याला साडेसोळा लिटरचे पंधरा लिटर झाले. घरखर्चाचे सर्वेक्षण करणारा माणूस दोन्ही वेळा त्या दारात गेला असता आणि त्याने फक्त रुपये विचारले असते, तर त्याच्या वहीत काहीच बदललेले दिसले नसते. दुसरी गोष्ट अशी की लिटरची पिशवी घेणारा लिटरला ४६ मोजतो आणि अर्धा-अर्धा लिटर घेणारा ४८. ज्याला रोजच्या रोज हातात जेवढे पैसे असतील तेवढ्यातच भागवावे लागते, त्याला दूध महाग पडते.

कोणत्या प्रदेशातली घरे दुधावर किती खर्च करतात, हा प्रश्न साधा वाटतो आणि त्याची उत्तरे तक्त्यांमध्ये तयारही असतात. पण त्या आकड्यात भाव, प्रमाण, दुधाची प्रत, ते घरात प्यायले गेले की बाहेर, आणि त्यातले किती पैसे घराने भरले व किती सरकारने, अशा पाच-सहा गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. बंगळुरू हे शहर या सगळ्या गोष्टी सुट्या करून पाहायला फार चांगले आहे, कारण इथे त्यातली प्रत्येक गोष्ट ठळकपणे दिसते.

आधी देशाचे चित्र. केंद्रीय सांख्यिकी खात्याच्या २०२२-२३च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात खेड्यातल्या माणसाचा सरासरी मासिक खर्च ३,७७३ रुपये निघाला, शहरातल्या माणसाचा ६,४५९. त्यातला दूध आणि दुग्धजन्य पदार्थांचा वाटा खेड्यात ८.३३ टक्के आणि शहरात ७.२२ टक्के होता. म्हणजे माणशी महिन्याला अनुक्रमे सुमारे ३१४ आणि ४६६ रुपये. त्याच वर्षी तृणधान्यावरचा खर्च खेड्यात ४.९१ टक्के आणि शहरात ३.६४ टक्के होता. २०११-१२ला खेड्यात धान्य १०.६९ टक्के होते आणि दूध ८.०४. एका दशकात भारतीय खेड्याने धान्यापेक्षा दुधावर जास्त पैसे खर्च करायला सुरुवात केली. ही फार मोठी घटना आहे आणि तिची हवी तेवढी चर्चा झालेली नाही.

तिच्यामागे उत्पन्नवाढ आहेच. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७मध्ये दाखवून दिले होते की कुटुंबाची मिळकत वाढली की एकूण खर्चातला अन्नाचा वाटा घटतो. अन्नातल्या अन्नातही धान्य आधी मागे पडते आणि दूध, फळे, मांस पुढे येतात. पण आपल्याकडे धान्याचा वाटा घसरला त्यात रेशनवरच्या स्वस्त आणि पुढे फुकट झालेल्या धान्याचाही हात आहे. धान्यावरचे पैसे वाचले, त्यातले काही दुधाकडे गेले. दुधाचा टक्का मात्र फारसा वाढलेला नाही. १९९९-२००० साली खेड्यात तो ८.७५ होता, म्हणजे २०२२-२३पेक्षा किंचित जास्तच. धान्य जवळजवळ २२ टक्क्यांवरून पाचाच्या खाली घसरले आणि दूध आपल्या जागी टिकून राहिले.

आपल्याकडे गरिबीची मोजणी उष्मांकावरून सुरू झाली. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला, तेव्हा त्यांचा निकष २,२५० उष्मांकांचा होता. त्या काळात तोच निकष योग्य होता. पोट भरते की नाही हाच प्रश्न होता. पण उष्मांक सर्वांत स्वस्तात देते ते धान्य, त्यामुळे या हिशेबात दूध मागच्या बाकावर जाऊन बसले आणि पुढची कित्येक वर्षे तिथेच राहिले. गरीब घर दूध किती घेते हा प्रश्न धोरणाच्या चर्चेत उशिरा आला तो म्हणून.

आता राज्ये. इथे उत्पन्नाचा नियम पुरत नाही. ग्रामीण हरियाणात अन्नावरच्या एकूण खर्चापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक खर्च दूधदुभत्यावर होतो. पंजाब-राजस्थानच्या खेड्यांत तो सुमारे एक तृतीयांश असतो. केरळात जवळजवळ तेवढ्याच महत्त्वाची जागा मासळी, अंडी आणि मांसाला मिळते. तमिळनाडू, कर्नाटक आणि आपला महाराष्ट्र यांच्या अन्नखर्चात सर्वांत मोठा रकाना पेये, अल्पोपाहार आणि तयार खाद्यपदार्थांचा आहे. २०२२-२३ला कर्नाटकाच्या शहरांत माणशी मासिक खर्च ७,६६६ रुपये होता आणि पंजाबच्या शहरांत ६,५४४. तरी दुधाचा वाटा पंजाबात कितीतरी जास्त. शाकाहार, गोठ्यातली जनावरे, हवामान, पिढ्यान्पिढ्यांची चव, असे बरेच काही इथे काम करते. मोठेपणीही दूध पचवू शकणाऱ्यांचे प्रमाण भारतात वायव्येकडून आग्नेयेकडे कमी कमी होत जाते, असे जनुकीय अभ्यासही सांगतात. दक्षिणेत दुधापेक्षा दही-ताकाला मान आहे, त्याच्याशी हे जुळते. पण एवढ्यावरून कर्नाटकातली माणसे दूध कमी पितात असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

कारण भाव. बंगळुरूत निळ्या पिशवीतल्या टोन्ड दुधाचा लिटर ४६ रुपयांना आहे. चेन्नईत आविन या तमिळनाडूच्या सहकारी महासंघाचे तेच दूध ४० रुपयांना मिळते. २०२१च्या मे महिन्यात सत्तेवर आल्याबरोबर तिथल्या स्टालिन सरकारने लिटरमागे तीन रुपये कमी केले होते. पुण्यामुंबईत त्याच प्रतीच्या दुधाला पंचावन्नच्या आसपास मोजावे लागतात. रोज एक लिटर दूध घेणाऱ्या तीन घरांचा महिन्याचा खर्च काढला तर चेन्नईत १,२०० रुपये, बंगळुरूत १,३८० आणि पुण्यात साडेसोळाशे येतो. दूध तिन्ही घरांत तीसच लिटर. खर्चाच्या तक्त्यात मात्र पुण्याचे घर दुधाचे सर्वांत शौकीन ठरते आणि चेन्नईचे सर्वांत उदासीन. मुंबईतल्या तबेल्यांमधल्या म्हशीच्या सुट्या दुधाची तर गोष्टच वेगळी. २०२३च्या मार्चपासून त्याचा घाऊक भावच लिटरला ८५ रुपये झाला होता.

नंदिनीचा हा भाव बाजाराने ठरवलेला नाही. कर्नाटक दूध महासंघाला दर वाढवायचा तर मंत्रिमंडळाची संमती लागते, आणि ती निवडणुकांच्या आगेमागे मिळत नाही हे कर्नाटकात सर्वांना ठाऊक आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये, विधानसभा निवडणूक महिन्यावर आलेली असताना, गुजरातच्या अमूलने बंगळुरूत ताजे दूध विकायची घोषणा केली आणि शहर ढवळून निघाले. हॉटेलचालकांच्या संघटनेने नंदिनीच वापरण्याचे आवाहन केले. चर्चा अस्मितेची होती, पण घरातल्या हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर त्या वेळी नंदिनीचे टोन्ड दूध ३९ रुपयांना होते आणि अमूलचे ५४ला. लिटरमागे पंधरा रुपयांचा फरक. पुढे २०२४च्या नोव्हेंबरात नंदिनी स्वतः दिल्लीत दूध विकायला गेली तेव्हा तिथे तिचा भावही पन्नाशीच्या पुढेच होता.

स्वस्त दुधाची किंमत कोणीतरी भरतच असतो. कर्नाटकात ती थोडी करदाता भरतो आणि थोडी शेतकरी. राज्य सरकार क्षीरधारे योजनेतून सहकारी संघांना दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला लिटरमागे पाच रुपये थेट देते. महासंघाचे रोजचे संकलन ऐंशी-नव्वद लाख लिटर धरले (२०२४च्या जूनअखेर तर ते एक कोटीवर गेले होते), तर हे रोजचे चार-साडेचार कोटी रुपये होतात. बंगळुरूतल्या गिऱ्हाइकाच्या पिशवीवर ते छापलेले नसतात, त्याच्या घरखर्चाच्या नोंदीतही येत नाहीत, पण पिशवी स्वस्त आहे ती त्यांच्याही आधाराने. महाराष्ट्रात सरकारने २०२४च्या ऑक्टोबरपासून शेतकऱ्याला लिटरला २८ रुपये डेअरीने आणि सात रुपये सरकारने असे ३५ देण्याचे ठरवले. तिथेही करदात्याचा पैसा गेला, पण तो शेतकऱ्याचा कोसळलेला भाव सावरायला. गिऱ्हाईक पंचावन्नच देत राहिले. एकाच पद्धतीचे अनुदान दोन राज्यांत इतके निराळे परिणाम देते, याचे मुख्य कारण बाजारात कोणाचा वरचष्मा आहे हे आहे. कर्नाटकात एकच मोठा सहकारी महासंघ आहे आणि तो सरकारच्या मुठीत आहे. महाराष्ट्रात गोकुळसारखे मातब्बर सहकारी संघ असले तरी निम्म्याहून जास्त खेळ खासगी डेअऱ्यांचा आहे. माझ्या मते गिऱ्हाइकाच्या बाजूने कर्नाटकाची रचना चांगली ठरली आहे. शेतकऱ्याच्या बाजूने ती तितकी चांगली आहे असे मी म्हणणार नाही. पशुखाद्याचे भाव चढत असताना विक्रीचा दर वर्षानुवर्षे बांधून ठेवला की त्याचा ताण शेवटी गोठ्यावर येतो.

दूधधंद्याच्या शिक्षणात बंगळुरूला जुना मान आहे. १९२३ साली इथे सुरू झालेल्या सरकारी दुग्धसंस्थेत १९२७च्या जूनमध्ये प्रकृती सुधारण्यासाठी बंगळुरूत राहिलेले गांधीजी गोपालन शिकायला जात असत, आणि तिथल्या नोंदवहीत त्यांनी आपला व्यवसाय शेतकरी असा लिहिला होता. धवलक्रांतीचे जनक व्हर्गीज कुरियन यांनाही अमेरिकेला जाण्याआधी सरकारने याच संस्थेत शिकायला पाठवले होते. संस्थेचे मुख्यालय १९५५ला कर्नालला गेले, पण आडुगोडीचा दक्षिण विभाग आजही चालू आहे. त्याच्याजवळच होसूर रस्त्यावर बंगळुरू डेअरी आहे आणि तिथल्या चौकाला सगळे डेअरी सर्कल म्हणतात. या सगळ्या काळात प्रश्न होता तो दूध कसे वाढेल हा. तो बऱ्यापैकी सुटला. २०२३-२४ला देशाचे उत्पादन २३.९ कोटी टनांवर गेले आणि माणशी रोजची उपलब्धता ४७१ ग्रॅम झाली.

उपलब्धता आणि घरात आलेले दूध यांच्यात मात्र मोठी दरी आहे. २०११-१२च्या सर्वेक्षणात शहरातल्या माणसाच्या वाट्याला महिन्याला ५.४२ लिटर द्रवदूध येत होते, खेड्यात ४.३३. म्हणजे शहरातसुद्धा दिवसाला जेमतेम १८० मिलीलिटर, तर त्याच वर्षीची सरकारी उपलब्धता २९० ग्रॅमच्या घरात होती. मधले दूध तूप, दही, पनीर, खवा, मिठाई, आइस्क्रीम आणि चहाच्या टपऱ्यांकडे गेले.

इथे बंगळुरूचा पुढचा गुंता सुरू होतो. हे शहर घराबाहेर दूध पिते. सकाळी सहा-साडेसहापासून दर्शिनींच्या, म्हणजे उभ्याने खायच्या छोट्या उपाहारगृहांच्या, दारात फिल्टर कॉफी घेणाऱ्यांची रांग असते. ती कॉफी आपल्या चहासारखी पाण्यात चमचाभर दूध घातलेली नसते. दाट डिकॉक्शनवर उकळते दूध ओतून ती केलेली असते आणि पेल्यात निम्म्याहून अधिक दूधच असते. दोघांत एक पेला वाटून घ्यायची 'बाय-टू'ची चाल इथे अगदी रुळलेली आहे. दिवसाला दोन कॉफ्या बाहेर घेणाऱ्या माणसाच्या पोटात शंभर-दीडशे मिलीलिटर दूध सहज जाते. सर्वेक्षणात ते दुधाच्या रकान्यात येत नाही. पेये आणि तयार पदार्थांच्या रकान्यात जाते. म्हैसूर पाकातले तूप मिठाईत जाते. कर्नाटकाचा पेयांचा रकाना मोठा आणि दुधाचा त्या मानाने लहान दिसतो, त्यामागे ही विभागणीही आहे. याउलट हरियाणातल्या खेड्यात दूध घरच्या म्हशीचे, घरीच तापवलेले, लोणीही घरीच काढलेले. विकत न घेतलेल्या त्या दुधाचीही गोठ्याच्या भावाने किंमत धरली जाते आणि ती सगळी दुधाच्याच रकान्यात बसते. दोन राज्यांच्या आकड्यांत जे अंतर दिसते त्यातले काही खाण्यापिण्याचे आहे आणि काही केवळ रकान्यांचे.

त्यातून बंगळुरूत एकट्या राहणाऱ्या तरुण नोकरदारांची संख्या प्रचंड. कोरमंगला, बीटीएम, मारतहळ्ळी, व्हाइटफील्ड इथल्या 'पीजी'त, म्हणजे पेइंग गेस्टच्या खोल्यांत, राहणारी ही मुलेमुली सर्वेक्षणाच्या नियमाप्रमाणे एकेकट्याचे कुटुंब ठरतात. जेवण पीजीच्या भाड्यात किंवा मोबाइलवरून मागवलेले. त्यांच्या पानात दही असते, पनीर असते, रात्री आइस्क्रीमही असते, पण दुधाची पिशवी त्यांच्या खोलीत क्वचितच येते.

घरी स्वयंपाक करणाऱ्या मराठी घरांचा हिशेब पाहिला की दुधाच्या प्रतीचा मुद्दा लख्ख दिसतो. कोल्हापूर-सांगलीकडून किंवा पुण्याहून इथे आलेल्या घराला पहिला धक्का सायीचा बसतो. तिकडे म्हशीचे दूध तापवून ठेवले की जाड साय धरते, ती आठवडाभर साठवायची, विरजण लावायचे, घुसळून लोणी काढायचे आणि कढवून तूप करायचे. दुधाच्या पैशात तूप निघते, वर ताक उरते. बंगळुरूच्या निळ्या पिशवीत स्निग्धांश तीन टक्के. तिची साय जेमतेम पापुद्र्याएवढी, आणि दूध होमोजिनाइज केलेले असेल तर तीही नाही. मग तूप विकत आणावे लागते. २०२५च्या सप्टेंबरात तुपावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला तेव्हा नंदिनी तुपाचा लिटर ६१० रुपयांपर्यंत उतरला होता. नोव्हेंबरात तो ७०० झाला. म्हणजे कोल्हापूरच्या घराचा जो खर्च 'दूध' म्हणून नोंदला जातो, तोच बंगळुरूला आल्यावर 'दूध' आणि 'तूप' असा दोन ठिकाणी फुटतो. शिवाय लिटर आणि लिटर सारखे नसतात. तीन टक्क्यांच्या लिटरात तीस ग्रॅम स्निग्धांश, सहा टक्क्यांच्या लिटरात साठ. नंदिनीचे सहा टक्क्यांचे 'समृद्धी' किंवा साडेचार टक्क्यांचे 'शुभम' घेतले तर साय येते, पण मग स्वस्ताईही उरत नाही. चक्क्याचेही तसेच. पाडव्याला श्रीखंड करायचे तर इथे शेजारच्या दुकानात चक्का मागून मिळेलच असे नाही. आदल्या रात्री नंदिनी दह्याच्या पिशव्या पंचात बांधून नळाला टांगाव्या लागतात, आणि किलोभर दह्यातून किती पाणी गळते ते सकाळी कळते.

दह्याचा हिशेब आणखी सांगण्यासारखा आहे. नंदिनीचे दही किलोला ५४ रुपये, दूध लिटरला ४६. लिटरभर दुधाचे साधारण किलोभर दही होते. मधले आठ रुपये हे विरजण लावण्याच्या कामाचे. रात्री दूध कोमट करणे, विरजण जपून ठेवणे, बंगळुरूच्या डिसेंबरातल्या थंडीत ते लागेल की नाही याची काळजी करणे, हे काम घरातली बाई करत आली. ती नोकरीला जाऊ लागली तसे दही पिशवीतून येऊ लागले, आणि घराचा दुग्धखर्च एक थेंबही जास्त न पिता वाढला. १८ जुलै २०२२पासून पिशवीबंद दही, ताक आणि लस्सीवर पाच टक्के जीएसटीही बसला. घरी लावलेल्या दह्यावर तो नाही. खर्चाची आकडेवारी वाचणाऱ्याने हे फुकटचे श्रम लक्षात घेतले नाहीत, तर त्याला समृद्धी वाढल्यासारखी दिसेल.

कर्नाटकातही सगळीकडे बंगळुरू नाही. बेळगाव-धारवाडकडे म्हशीच्या दुधाची आवड टिकून आहे, आणि तिथले बरेच दूध कुंद्याच्या आणि पेढ्याच्या रूपाने खाल्ले जाते. त्या भागाचे खाणे कोल्हापूरला जवळचे आहे, बंगळुरूला नाही. कोल्हापुरात तर गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून घेऊन फेसाळते दूध उभ्या उभ्या पिण्याची रीत आहे. सर्वेक्षणाचे जाहीर तक्ते मात्र 'कर्नाटक, शहरी' असा एकच आकडा देतात. त्यात बंगळुरू, बेळगाव, कलबुर्गी आणि मंगळूर सगळे एकत्र येतात.

आणि बंगळुरूतही एक बंगळुरू नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत इथे दुधाचा एक वरचा थर तयार झाला. तिपटूरच्या अक्षयकल्पसारख्या कंपन्यांचे सेंद्रिय दूध, मोबाइलवर नोंदवून पहाटे दारात येणारे 'शेतावरचे' दूध, काचेच्या बाटलीतले ए-टू दूध. याचे भाव नंदिनीच्या जवळपास दुप्पट आणि कधी त्याहूनही जास्त. इंदिरानगरातल्या उच्चभ्रू घराचा दुधावरचा खर्च आडुगोडीतल्या घराच्या तिप्पट असेल, तर दूध तिप्पट असेलच असे नाही. तो खर्च भेसळीच्या भीतीचा आहे, विश्वासाचा आहे आणि थोडासा प्रतिष्ठेचाही. या थराच्या खर्चामुळे शहराची सरासरी वर चढते आणि खालच्या थराचे दूध कमी झाले तरी सरासरीवरून ते समजत नाही.

खालच्या थरात कोण आहे? रायचूर, यादगीर, कलबुर्गीकडून बांधकामांवर आलेली कुटुंबे, बिहार-ओडिशा-बंगालमधून आलेले मजूर, घरकाम करणाऱ्या बायका. यांच्याकडे दूध येते ते मुख्यतः चहापुरते. शेडमध्ये फ्रीज नाही, त्यामुळे लिटरची स्वस्त पिशवी घेऊन दोन दिवस पुरवणे जमत नाही. पाच-सहा माणसांत एक छोटी पिशवी, आणि आठवड्याची मजुरी मिळायला उशीर झाला की तीही बंद. यांच्या मुलांसाठी सर्वांत महत्त्वाचे दूध घरखर्चात दिसतच नाही. १ ऑगस्ट २०१३ला सुरू झालेल्या क्षीरभाग्य योजनेतून सरकारी शाळांत आणि अंगणवाड्यांत भुकटीपासून केलेले १५० मिलीलिटर गरम दूध मुलांना दिले जाते. महासंघाकडच्या जास्तीच्या भुकटीला गिऱ्हाईक मिळाले आणि मुलांना पेलाभर दूध. मला ही योजना कर्नाटकाच्या दुग्धधोरणातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. पण बांधकामाच्या शेडमधले मूल दर सहा-आठ महिन्यांनी जागा बदलते, पटावर त्याचे नाव राहत नाही, आणि ते या पेल्यालाही मुकते.

शहराच्या कडेला आणखी काही निराळी माणसे आहेत, आणि त्यांच्याबद्दल चांगला अभ्यासही झाला आहे. गटिंगेन आणि कासेल या जर्मन विद्यापीठांनी बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाबरोबर शहराच्या उत्तरेला आणि नैऋत्येला दोन पट्टे आखून घेऊन, शहर आणि खेडे जिथे एकमेकांत शिरतात तिथल्या शेतीचा, गोठ्यांचा आणि खाण्यापिण्याचा मागोवा घेतला. या पट्ट्यांत अपार्टमेंटच्या भिंतीला लागून दोन-चार संकरित गाई बांधलेली घरे आजही आहेत. तळ्याकाठचे गवत कापून आणायचे, मंडईतला टाकाऊ भाजीपाला घालायचा, सकाळचे दूध सहकारी दूध सोसायटीत घालायचे आणि घरापुरते ठेवून उरलेले शेजारी द्यायचे. त्यांच्या घरात दुधाचा रोख खर्च शून्य असतो. सर्वेक्षणात त्या दुधाची किंमत धरतात ती गोठ्याच्या भावाने, म्हणजे बाजारभावापेक्षा कितीतरी कमी. तळी प्रदूषित झाली, मोकळी जागा संपली, गाई विकल्या गेल्या की हेच घर पिशवीचे गिऱ्हाईक होते आणि तक्त्यात त्याचा दुग्धखर्च एकदम उडी मारतो. घरातले दूध त्या दिवशी कमी झालेले असते.

घराच्या आतही वाटणी असते. खर्चाचे सर्वेक्षण घराच्या दारापर्यंत येते. ओट्यावर तापलेल्या त्या अर्ध्या लिटरातून कोणाच्या पेल्यात किती गेले, हे ते विचारत नाही. अभ्यासाला बसलेल्या मुलाला पेलाभर, म्हाताऱ्या सासूबाईंना निजताना कपभर, सकाळ-संध्याकाळ सगळ्यांचा चहा आणि उरलेच तर सुनेला, हा क्रम मराठी, कन्नड, तमिळ अशा कोणत्याही घरात ओळखीचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बायकांना आणि पुरुषांना ते दूध-दही किती वेळा घेतात असे वेगवेगळे विचारते. पण ते वेळा मोजते, मिलीलिटर नाही. एक सर्वेक्षण घराचे रुपये मोजते, दुसरे माणसाच्या वेळा, आणि दोन्ही जोडून पाहण्याची पद्धत अजून रुळलेली नाही.

महागाईचा निर्देशांकही इथे उपयोगी पडतो आणि अपुराही पडतो. २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात दूध आणि दुग्धजन्य पदार्थांचे वजन ६.६१ टक्के होते, खेड्यासाठी ७.७२ आणि शहरासाठी ५.३३. म्हणजे दुधाचा भाव चढला की खेड्याचा निर्देशांक शहरापेक्षा जास्त हलतो. २०२२मध्ये गुरांवर लम्पी त्वचारोगाची साथ आली, चारा महागला, आणि पुढचे वर्षभर देशात दूध चढत गेले, तेव्हा ते दिसलेही. पण बंगळुरूत त्या काळात मंत्रिमंडळाने दर रोखून धरला आणि नंतर टप्प्याटप्प्याने सोडला. देशाच्या सरासरीवरून इथल्या घराला कधी झळ लागली ते काढता येत नाही.

हे सारे सुटे करायला नवे सर्वेक्षण लागतेच असे नाही. २०२२-२३च्या पाहणीची घरनिहाय माहिती केंद्राने अभ्यासकांना खुली केली आहे. तिच्यात जिल्ह्याचा संकेतांक आहे, दूध-दही-तुपाच्या रुपयांसोबत लिटर आणि किलोही आहेत, विकत घेतलेले किती आणि घरचे किती हेही आहे, आणि घरात किती माणसे, त्यांनी किती जेवणे बाहेर घेतली याचीही नोंद आहे. बंगळुरू शहर जिल्ह्याची घरे वेगळी काढून, त्यांना खर्चाच्या पाच थरांत लावून, प्रत्येक थरात माणशी किती लिटर आणि लिटरला काय भाव पडला एवढे दोन आकडे काढणे हे एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचे एका सत्राचे काम आहे. नमुना लहान पडेल म्हणून राज्याने गोळा केलेला नमुना त्यात मिळवावा लागेल. पुणे आणि नागपूरसाठीही हे करता येईल, आणि महाराष्ट्राने ते आधी करावे असे मला वाटते, कारण लिटरला पंचावन्न रुपये मोजणारे आपल्याकडचे गरीब घर महिन्याला किती लिटर घेते हा आकडा दुधाच्या दराबद्दलच्या आपल्या कोणत्याही बैठकीत, कोणत्याही आंदोलनात आजवर टेबलावर आलेला नाही.